फुटबॉलमधली ब्राझील-अर्जेंटिनाची खुन्नस समजून घ्यायची तर ह्या मॅच बघा

सोलापुरात पार्क चौकात चहा पीत मेस्सी का नेमार म्हणून भांडायच्या आधी जुन्या मॅच बघा की राव. पहिली १९१४ ची, ब्युनोस आयर्सला, अर्जेंटिना ३-०, एवढं माहीत असलं तरी बास. खरा वेळ द्या १९९० च्या वर्ल्डकपला, पूर्ण मॅच ब्राझील चढून खेळतंय अन् शेवटच्या दहा मिनिटात अर्जेंटिनाचा मॅराडोना मधनं बॉल घेऊन सुटतो, सगळे डिफेंडर त्याच्याकडंच ओढले जातात, तो पडता पडता उजव्या पायानं पास सोडतो, त्याचा जोडीदार कॅनिजिया गोलकीपरला चुकवून गोल मारतो, हे स्लो करून बघा, लय भारी! मग २००४ ची कोपा (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) फायनल, ब्राझीलच्या आद्रियानोचा शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल, अन् पेनल्टीवर ब्राझील जिंकलं. त्यानंतरच २०२१ ची कोपाचीच, रिओच्या माराकाना स्टेडियमातली फायनल लावा, डी मारियाच्या एका गोलवर अर्जेंटिना जिंकली, मेस्सीचा देशासाठीचा पहिला मोठा कप.