मराठवाड्यात भाड्यानं द्यायला घर घेताय? आधी पाणी बघा

भाड्यानं द्यायचं घर बघायला एप्रिल-मे महिन्यातच जा. श्रावणात कुठल्याही बोअरला पाणी असतं. जायकवाडी धरण एवढं जवळ असूनही छत्रपती संभाजीनगरात वर्षानुवर्षं नळाला काही दिवसांआड पाणी येत आलं आहे, आणि लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. भाडेकरू घर सोडतो त्यामागं पाणी हे मोठं कारण असतं.

शेजाऱ्यांना विचारा, नळ कितव्या दिवशी येतो. माणशी रोज 135 लिटर धरले तर चौघांना 540 लिटर लागतात. सहाव्या दिवशी नळ येत असेल तर 3,240 लिटर साठा हवा, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी पुरणार नाही. हौद 5,000 लिटरचा असावा, कारण तेवढ्याच मापाचा टँकर त्यात एका खेपेत रिकामा होतो. टँकर गल्लीत शिरतो का, हेही बघून घ्या. बोअरची मोटर सलग पाऊण तास चालवा. पहिली दहा मिनिटं जोरात पाणी येऊन मग धार तुटायला लागली, तर त्या बोअरच्या भरवशावर भाडं ठरवू नका. नळांवर पांढरा क्षार साचलेला दिसला तर गिझरची कॉइल लवकर जाणार, तो खर्च धरून चला.

मग भिंती बघा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. गिलाव्यावरच्या केसाएवढ्या भेगांची काळजी नको. नाणं शिरेल एवढी भेग असेल, किंवा तेवढ्याच भागाला ताजा रंग लावलेला असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त माणसं फसतात ती ‘बाँडवरच्या’ जागेत. शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर झालेल्या व्यवहारानं मालकी मिळत नाही. तिथं बँक कर्ज देत नाही आणि पुढं विकताना गिऱ्हाईकही पाडून मागतं. गुंठेवारीतलं, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटवरचं, घर असेल तर ते नियमित झाल्याचं प्रमाणपत्र मागा. 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला ही सोय मिळाली आहे. बाकी नोंदणीकृत खरेदीखत, सातबारा किंवा पी.आर. कार्ड (मालमत्ता पत्रक), एनए (बिगरशेती) आदेश, बांधकाम परवानगी आणि वकिलाकडून 30 वर्षांच्या मालकीचा सर्च रिपोर्ट, एवढं झाल्याशिवाय पुढं जाऊ नका. घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिलाची थकबाकी विकणाऱ्याकडूनच भरून घ्या.

आता हिशेब. समजा, महापालिका हद्दीत घर 30 लाखांचं आहे. 6 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30,000 नोंदणी फी धरून 32 लाख 10 हजार गेले. (खरेदी बाईच्या नावानं असेल तर शुल्क एक टक्का कमी लागतं.) भाडं 9,000, पण वर्षाला अकराच महिने धरा: 99,000. त्यातून मेंटेनन्स 12,000, घरपट्टी-पाणीपट्टी 8,000 आणि दुरुस्ती 9,000 वजा केले की हातात 70,000 उरतात. म्हणजे सव्वादोन टक्केसुद्धा नाहीत. वीस लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता 18,000 च्या घरात जातो. भाड्यातून हप्ता फिटेल, असं सांगणाऱ्या एजंटापुढं हा हिशेब ठेवा. अर्धा हप्ता दरमहा पदरचा भरता येत नसेल तर कर्ज काढून हा व्यवहार करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भाडेकरू कोण असणार, यावर घर ठरतं. संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत कामगारांसाठी स्वतंत्र संडास-बाथरूमच्या दोन छोट्या खोल्या एका मोठ्या फ्लॅटपेक्षा लवकर लागतात. लातूरच्या ट्यूशन एरियात मुलं मे महिन्यात ‘नीट’ ही मेडिकल प्रवेशाची परीक्षा देऊन निघून जातात, म्हणून करार असा करा की तो त्याच सुमारास संपेल आणि जूनच्या प्रवेशांआधी रंगरंगोटी उरकेल.

तोंडी बोलीवर किल्ली देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. वरच्या भाड्यात 25,000 डिपॉझिट घेऊन अकरा महिन्यांचा करार केला तर मुद्रांक शुल्क तीनशेच्या आसपास बसतं, शहरात नोंदणी फी 1,000. आधार आणि अंगठ्यावर ही नोंदणी घरबसल्या होते. भाडेकरूची माहिती पोलिसांनाही कळवा. भाडं बँकेतच घ्या. कर भरताना भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट सूट मिळते.

किल्ली देताना वीज मीटरच्या रीडिंगचा, नळांचा, पंख्यांचा आणि हौदाच्या झाकणाचा फोटो काढून दोघांच्याही व्हॉट्सॲपवर ठेवा. घर सोडताना तेच फोटो समोर ठेवून, शेवटचं बिल वळतं करून त्याच दिवशी डिपॉझिट परत द्या. त्या गल्लीतला पुढचा भाडेकरू बहुधा हाच माणूस पाठवतो.