व्हिसाच्या फाइलीशेजारी दातांची फाइल

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत दरवर्षी मे-जूनमध्ये दोन-तीन घरांत परदेशी जायची गडबड सुरू होते. कुणाचा मुलगा एमएसला निघालेला असतो, कुणाचे यजमान सातपूर-अंबडच्या कंपनीतून डेप्युटेशनवर जर्मनीला. बॅग चार-चार वेळा वजनकाट्यावर चढते. कुकर, मसाले, चिवड्याची पाकिटं, चष्म्याच्या दोन जोड्या, सगळं आठवणीने भरलं जातं. दातांची आठवण मात्र विमानाच्या आठ दिवस आधी येते, तीही कुणी विचारलं तर. हे आठ दिवस दोन महिन्यांवर जावेत एवढ्यासाठी ही यादी लिहितेय.

कारण माझी एक दाढ याच घाईत गेली. श्टुटगार्टला निघायला दहा दिवस उरले असताना खालची डावी दाढ ठणकायला लागली. रूट कॅनल झालं, वर तात्पुरतं सिमेंट भरलं गेलं आणि डॉक्टरांनी बजावलं, कॅप बसल्याशिवाय या बाजूने चावायचं नाही. कॅपचं माप द्यायचं, ती लॅबमधून पाच-सहा दिवसांनी येणार, मग बसवून बघायची. तेवढे दिवसच हातात नव्हते. दिवाळीला येऊच, तेव्हा बसवू, असं मी ठरवलं. दिवाळीला येणं झालं नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ख्रिसमससाठी सगळं बंद असताना, घरून आलेले फुटाणे खाताना कट्‌कन आवाज झाला आणि जिभेला दाढेचे दोन तुकडे वेगवेगळे हलताना लागले. रूट कॅनलमध्ये दाढ आतून कोरली जाते, तिच्या भिंती पातळ उरतात; कॅप त्या भिंतींना कड्यासारखी बांधून धरते. माझी दाढ मुळापर्यंत चिरली होती. काढण्याखेरीज इलाज नव्हता.

म्हणून पहिलं काम, निघायच्या तारखेपासून उलटे दोन महिने मोजा आणि त्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. खुर्चीत बसल्यावर एक वाक्य आवर्जून म्हणा, "डॉक्टर, मी दोन वर्षं परत येणार नाही असं धरून तपासा." या वाक्याने तपासणी बदलते. एरवी "बघू सहा महिन्यांनी" म्हणून सोडलेली बारीक कीड मग आत्ताच भरली जाते. कीड मुळापाशी पोचेपर्यंत बहुतेक वेळा दुखतच नाही, त्यामुळे "मला काही त्रास नाही" हे दात धड असल्याचं लक्षण मानू नका. पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे काढून घ्या, आणि दोन दाढांच्या फटीतली कीड दिसावी म्हणून डॉक्टर छोटे एक्स-रे सुचवत असतील तर तेही काढा.

मग क्रम असा ठेवा. आधी काढायचे दात, मग रूट कॅनल आणि कॅप, मग फिलिंग. साफसफाई डॉक्टर सांगतील तेव्हा. अर्धवट वर आलेली अक्कलदाढ वर्षातून दोनदा सुजत असेल तर ती इथेच काढा, पण निघण्याआधी किमान तीन-चार आठवडे हातात ठेवून. दाढ काढल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास खड्डा कोरडा पडून भयंकर कळा येऊ शकतात, आणि त्या वेळी तुम्ही विमानात असू नये. गुपचूप बसलेली अक्कलदाढ मात्र केवळ भीतीपोटी उपटून घेऊ नका; तो निर्णय एक्स-रे बघून डॉक्टरांचा. स्केलिंगने, म्हणजे दातांवरचा कडक थर खरवडून काढण्याने, दात हलायला लागतात असं आपल्याकडे आजही घरोघर सांगतात. हलतात ते खाली साचलेल्या दगडासारख्या थरामुळे हिरडी आणि हाड मागे हटल्याने. थर निघाला की ते हलणं आणि फटी जाणवतात इतकंच.

जुनी चांदी भरलेली असेल आणि ती घट्ट असेल तर राहू द्या. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून चांदी भरणं बंद झालंय, त्यामुळे "काढूनच जा" असं सांगणारे भेटतील. तो नियम नव्याने भरण्याबद्दलचा आहे, तोंडातली चांगली चांदी काढायला कुणी सांगत नाही.

जाण्याच्या तोंडावर दातांना तारा लावून घेऊ नका, ही विनंतीच समजा. ते काम दीड-दोन वर्षांचं, दर महिन्या-दीड महिन्याला डॉक्टरांकडे जाण्याचं. अर्ध्यावर आलेल्या तारा दुसऱ्या देशातल्या डॉक्टरांनी हातात घेणं अवघड आणि महाग जातं. इम्प्लांटचंही तसंच. हाडात स्क्रू बसवल्यापासून वर दात चढेपर्यंत साधारण तीन ते सहा महिने जातात. आधीच इम्प्लांट असेल तर त्याच्या कंपनीचं नाव, जाडी, लांबी आणि बॅच नंबरचं स्टिकर मागून घ्या. उद्या वरचा भाग सैल झाला तर त्याच मापाची किल्ली आणि सुटा भाग लागतो, आणि स्टिकर नसेल तर तिथला डॉक्टर अंदाजाने चाचपडत बसतो.

खर्चाची चिंता असेल तर पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचं कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. अक्कलदाढ, हिरड्या, तारा, लहान मुलांचे दात असे सगळे विभाग एका छताखाली मिळतात. विद्यार्थी काम करतात आणि प्राध्यापक तपासतात, म्हणून वेळ जास्त लागतो. पुन्हा तेच, दोन महिने आधी.

आता फाइल. व्हिसाच्या फाइलीशेजारी ही दुसरी ठेवा आणि हातातल्या बॅगेतच ठेवा. तिच्यात डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेलं एक पान असावं. कोणत्या दाताला कधी काय केलं, कॅप कशाची, कोणत्या भुलीचा किंवा औषधाचा त्रास झाला होता. पेनिसिलिनची ॲलर्जी, मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, हाडांच्या ठिसूळपणाचं औषध, गरोदरपण हे सगळं त्याच पानावर. औषधांची नावं ब्रँडची नकोत, मूळ औषधाची हवीत, कारण आपला ब्रँड तिकडे कुणाला ठाऊक नसतो. एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल मागा. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून मोबाइलने काढलेला फोटो मी दाखवला होता. त्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंना काही दिसलं नाही आणि एक्स-रे परत काढावा लागला. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढला असेल तर तो डायकॉम या वैद्यकीय फाइल-स्वरूपात पेन ड्राइव्हवर घ्या.

दातांच्या क्रमांकांकडे नीट लक्ष द्या, यात खरंच गोंधळ होतो. आपल्याकडे आणि युरोपात दोन आकडी पद्धत चालते. पहिला आकडा जबड्याचा कोपरा सांगतो, दुसरा मधून मोजत गेल्यावरचा दात. माझी गेलेली दाढ ३६, आणि जर्मन डॉक्टरही तिला "तीन-सहा" असंच सुटं सुटं म्हणत. अमेरिकेत मात्र १ ते ३२ असे सलग आकडे आहेत. तिथे हीच दाढ १९ होते आणि उजवीकडची ४६ होते ३०. लेक अमेरिकेला निघाली तेव्हा तिच्या पानावर प्रत्येक आकड्यापुढे "खालची डावी, पहिली मोठी दाढ" असं शब्दांत लिहून घेतलं.

दुखणं सांगायलाही शिकून जा. मराठीत आपल्याकडे सणक आहे, ठणका आहे, कळ आहे, दात शिवशिवतात, आंबतात. परक्या भाषेत हे सगळं एका "दुखतंय" मध्ये कोंबलं जातं, आणि डॉक्टरांना नेमका हाच फरक हवा असतो. गार पाण्याने सणक आली आणि दोन-चार सेकंदांत गेली, तर नस बहुधा वाचण्यासारखी असते. गार-गरम काढून घेतल्यावरही कळ मिनिटभर रेंगाळते, रात्री आडवं पडलं की ठणका वाढतो, तर प्रकरण नसेपर्यंत गेलेलं असतं. चावल्यावर, विशेषतः दाब सोडताना टोचतं, तर चीर असू शकते. कशाने सुरू होतं, किती सेकंद टिकतं, रात्री जाग येते का, ही तीन उत्तरं तिथल्या भाषेत लिहून जवळ ठेवा.

विम्याचे कागद जाण्याआधी वाचा, कारण आरोग्य विमा आणि दातांचा विमा बऱ्याच देशांत वेगळे आहेत. जर्मनीत सरकारी विमा असेल तर तपासणी होते आणि वर्षातून एकदा कडक थर काढून मिळतो. पूर्ण व्यावसायिक साफसफाईचे पैसे बहुधा आपणच भरतो. तिथे "बोनसहेफ्ट" नावाची नोंदवही असते. दरवर्षी तपासणी केली की तिच्यात शिक्का पडतो. कॅप, ब्रिजसारख्या कामाच्या ठरावीक खर्चावर विमा ६० टक्के देतो. सलग ५ वर्षांचे शिक्के असतील तर ७०, आणि १० वर्षांचे असतील तर ७५ टक्के. पहिल्याच भेटीत ती वही मागा, मला ती दुसऱ्या वर्षी कळली. कॅपचं काम सुरू होण्याआधी खर्चाचा आराखडा विमा कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागतो, तोवर हो म्हणू नका. आणि सुरुवातीला घेतलेला स्वस्त प्रवास-विमा बहुतेक वेळा दुखणं थांबवण्यापुरताच असतो.

अमेरिकेत दातांच्या विम्याला वर्षाची मर्यादा असते, बहुधा १,००० ते २,००० डॉलर. एक रूट कॅनल आणि वरची कॅप यांत ती संपू शकते. मोठ्या कामांसाठी अनेक योजनांत काही महिने थांबावं लागतं, आणि विमा सुरू होण्याआधीच नसलेल्या दाताचा खर्च बऱ्याच योजना देत नाहीत. वर्षाच्या दोन साफसफाया मात्र बहुतेक योजनांत पूर्ण मिळतात. त्या सोडू नका. विद्यार्थ्यांनी जवळचं दंत महाविद्यालय शोधावं. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत दुखणं थांबवायच्या गोळ्या मिळतील, दाताचं काम तिथे होत नाही. इंग्लंडला जाणाऱ्यांनी व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरला तरी एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दातांचे पैसे वेगळे पडतात. एप्रिल २०२५ पासूनचे दर तपासणीला २७.४० पौंड, फिलिंग किंवा रूट कॅनलच्या टप्प्याला ७५.३०, कॅपच्या टप्प्याला ३२६.७० असे होते. पण नवे प्रौढ पेशंट घेणारा दवाखाना मिळवणं हीच तिथली खरी अडचण. ऑस्ट्रेलियाच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यात मोठ्यांचे नेहमीचे दातांचे उपचार येत नाहीत. नेदरलँड्समध्ये १८ वर्षांपुढे वेगळा पूरक विमा घ्यावा लागतो.

पोचल्यावर, काही दुखत नसताना, पहिल्या तीन महिन्यांत एक डॉक्टर ठरवा. तिथल्या महाराष्ट्र मंडळात विचारलं तर नावं लगेच मिळतात. फोनवर तीनच गोष्टी विचारा. नवे पेशंट घेता का, माझा विमा चालतो का, पहिल्या तपासणीचे किती. प्रत्येक कामाआधी खर्च लेखी घ्या. वेळ घेऊन जाता येणार नसेल तर आदल्या दिवसापूर्वी कळवा, कित्येक ठिकाणी न जाण्याचेही पैसे लावतात.

"नाशिकला जाईन तेव्हा बघू" हे मी चार वर्षं दर दुसऱ्या घरात ऐकलं. स्वस्त पडतं हे खरं आहे, आणि कॅप-ब्रिजसारखं ठरवून करायचं काम इथे जरूर करा. पण तपासणी, साफसफाई आणि बारीक फिलिंग तुम्ही राहता तिथेच, ठरल्या वेळी व्हायला हवं. इथे येणार असाल तर महिनाभर आधी डॉक्टरांना एक्स-रे पाठवून किती बैठका लागतील ते विचारा, आणि पहिली वेळ उतरल्यापासून दोन दिवसांत घ्या. लग्नकार्य, त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगगड सगळं त्यानंतर. कॅप बसल्यावर आठवडाभर तिच्याने नीट जेवून बघा. उंच लागत असेल तर घासून घ्यायला डॉक्टर जवळ हवेत.

औषधांच्या पाउचमध्ये तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी चिठ्ठीसकट ठेवा. निमेसुलाइड नेऊ नका, अमेरिका-इंग्लंडमध्ये तिला मान्यताच नाही. आखातात जाणाऱ्यांनी ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली गोळी आधी परवानगी घेतल्याशिवाय अजिबात नेऊ नये. उरलेल्या अँटिबायोटिकचा अर्धा कोर्स मनाने घेऊ नका. दुखणं दबतं आणि पू आतच राहतो. लवंगेचं तेल कापसावर थेंबभर, तेही डॉक्टर भेटेपर्यंतच. ॲस्पिरिनची गोळी दाढेत दाबून धरू नका, हिरडी भाजते. आणि सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली उतरली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट न बघता रात्रीच इमर्जन्सीत जा.

शेवटी, सहा महिन्यांसाठी मुलांकडे निघालेल्या आई-बाबांबद्दल. त्यांच्या प्रवास-विम्यात दातांचं असलंच तर अचानक उठलेल्या दुखण्यापुरतं किंवा अपघातापुरतं असतं, म्हणून त्यांचीही तपासणी आधीच करा. कवळी सैल झाली असेल तर इथेच नीट बसवून घ्या, जुनी कवळी चांगली असेल तर ती सोबत द्या. माझ्या सासूबाई रात्री विमानात कवळी कागदी रुमालात गुंडाळून जेवणाच्या ट्रेवर ठेवत होत्या. शेजारी मी होते म्हणून ती कचऱ्यात गेली नाही. तेव्हापासून त्यांच्या पर्समध्ये झाकणाची डबी असते, आणि झाकणावर ठसठशीत मराठी आणि इंग्रजीत नाव.