नाल्यात कोणती अळी कुठे सापडते: जाळी टाकण्याआधी काय बघायचं

नाल्यातल्या अळ्यांवरून पाणी चांगलं की बिघडलेलं, हे ताडता येतं. पण एकाच नाल्यात दहा पावलांवर अळ्या पार बदलतात. त्यामुळे खळाळाची (गोट्यांवरून वेगानं वाहणाऱ्या उथळ पाण्याची) तुलना खळाळाशी आणि डोहाची डोहाशीच करा. वरच्या बाजूला खळाळ आणि खाली डोह तपासून ‘खाली पाणी बिघडलंय’ असं म्हणणं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

नागपूरकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सोयीचे. पावसाळ्यात पुरानं गोटे उलटतात, अळ्या वाहून जातात. उन्हाळ्यात बरेच नाले तुटून डबकी उरतात. मोठा पाऊस झाला असेल तर दोन-तीन आठवडे थांबा.

सोबत अर्ध्या मिलिमीटर छिद्रांची जाळी, पांढरा ट्रे, मऊ ब्रश, थर्मामीटर आणि टेप घ्या. वेग मोजायला संत्रं उत्तम, कारण ते बरंचसं बुडून तरंगतं आणि वाऱ्यानं ढकललं जात नाही. पाणी वीतभर तरी खोल हवं. उथळ पाण्यात काडी सोडा. 5 मीटर अंतर किती सेकंदांत कापलं ते तीनदा मोजा. 10 सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, 0.85 ने गुणलं की साधारण सरासरी वेग मिळतो.

आता खालून वरच्या दिशेनं चला, म्हणजे ढवळलेला गाळ पुढच्या जागेवर येत नाही. जाळीचं तोंड प्रवाहाकडे ठेवा आणि तिच्यासमोरचा फूटभर चौरस तळ एक मिनिट पायानं ढवळा. मोठे गोटे हातात घेऊन ब्रशनं झाडा.

खळाळात सिम्युलियम माशीच्या अळ्या गोट्याच्या स्वच्छ माथ्यावर रेशमाच्या गादीत आकडे रुतवून बसतात. गोट्यावर गाळ किंवा बुळबुळीत शेवाळ चढलं की त्यांना पकडच मिळत नाही. कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या कीटकाच्या काही अळ्या फटीत जाळं विणून वाहतं अन्न अडवतात. मेफ्लाय या नाजूक पाणकीटकाची चपटी पिल्लं गोट्याखाली, जिथे पाणी मंदावतं तिथे चिकटतात. रेती-गाळानं या फटी बुजल्या की पाणी स्वच्छ असूनही ती जातात, म्हणून फटी बोटानं चाचपून नोंद करा.

डोहाच्या गाळात चतुरांची काही पिल्लं पुरून बसतात. टाचण्यांची (चतुरासारख्या बारीक कीटकांची) पिल्लं पाणवनस्पतींवर बघा.

तापमान न चुकता लिहा. 20 अंशाला पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसातच. स्टोनफ्लायला (हाही पाण्यात वाढणारा कीटक) गार, वाहतं पाणी लागतं. आपल्याकडच्या कोमट नाल्यात ती दिसली नाही, एवढ्यावरून प्रदूषण ठरवू नका.

नाग नदीसारख्या सांडपाण्याच्या प्रवाहात कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या लाल अळ्या तगतात; त्यांच्यातलं हिमोग्लोबिन कमी ऑक्सिजनमध्ये कामी येतं. पण त्या स्वच्छ डोहाच्या गाळातही सापडतात. लाल अळ्या भरपूर आणि बाकी जवळजवळ काही नाही, असं असेल तेव्हाच संशय घ्या. अशा पाण्यात गमबूट आणि हातमोजे घालूनच उतरा. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनखात्याची परवानगी आधी घ्या.

ट्रे सावलीत ठेवा, पाणी अधूनमधून बदला. उन्हात अळ्या लवकर मरतात. मोजणी झाली की त्यांना जिथून घेतलं तिथेच सोडा, आणि गोटा होता त्याच बाजूनं परत ठेवा.