उसना सण आणि परत द्यायची वाटी

पुण्यात कर्वेनगरातल्या आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत, एक आमचं, एक चेचीचं. चेची म्हणजे मल्याळममध्ये ताई. त्या मूळच्या त्रिशूरच्या. गेली सहा वर्षं आमच्याकडे गौरी-गणपतीइतक्याच हौसेनं ओणम होतो. "अगं, मग आपलं काय राहिलं?" असं बऱ्याच जणी विचारतात. आपलं सगळं राहिलं, उलट थोडं वाढलंच. कसं ते सांगते.

दुसऱ्यांचा सण घ्यायचा तर माणसाच्या हातून घ्या, दुकानातून नको. मुलीला नाताळचं झाड हवं होतं. मी म्हटलं, झाड नंतर बघू, आधी तुझ्या मैत्रिणीच्या आजीकडे जाऊ. कॅम्पातल्या त्या घरी आम्ही दोघी काट्याच्या पाठीवर कुलकुल, म्हणजे नाताळचे गोड शंख, वळायला बसलो. लेकीची पहिली दहा-बारा तर उलगडूनच गेली. आता डिसेंबर आला की ती झाडाचं नाव काढत नाही, "आजीकडे कधी जायचं?" एवढंच विचारते.

मग पंचांग उघडा. हे फार कामाचं आहे. ओणम श्रवण नक्षत्रावर, मल्याळी सौर पंचांगातल्या चिंगम महिन्यात येतो आणि आपले सण तिथीवर, त्यामुळे दोघांमधलं अंतर दरवर्षी बदलतं. २०२३ साली तिरुओणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस, २९ ऑगस्टला होता आणि गणपती १९ सप्टेंबरला, तेव्हा सगळं निवांत झालं. २०२५ साली मात्र गणपती २७ ऑगस्टला बसले, २ सप्टेंबरला गौरी गेल्या, ५ ला तिरुओणम आणि ६ ला अनंत चतुर्दशी. अशा वर्षी घरच्या गौरींच्या कामात काटछाट करायची नाही, हा माझा नियम. पाहुणा सण आपल्या वेळात बसवायचा, तो बसला नाही तर त्या वर्षी चेचीकडे नुसतं जेवायला जायचं. पंचांग पाहिलं की कधी गंमतही सापडते. करवा चौथ येते ती आपल्या आश्विनातल्या संकष्टीलाच. दोन्हीकडे उपास चंद्रोदयानंतरच सुटतो. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर करावी, पण मोदकाचं ताट चुकवू नये.

घेतलेला सण नीट शिकून घ्या, यात मी स्वतः चुकले आहे. पूक्कळम म्हणजे ओणमची फुलांची रांगोळी. अत्तमच्या, म्हणजे ओणमच्या पहिल्या दिवशी ती लहानशी सुरू होते आणि तिरुओणमपर्यंत रोज वाढत जाते. पहिल्या वर्षी मंडईतून आणलेली शेवंती कमी पडली, म्हणून मी बाहेरच्या कड्यात तुळशीबागेतला रांगोळीचा रंग भरला. चेची काही बोलल्या नाहीत. खाली बसून त्यांनी पदरानं तो रंग हळूच पुसला आणि त्या जागी हिरवी पानं चिरून घातली. फुलं आणि पानं, बस. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं.

त्यांना लागतात ती तुंबाची फुलं बाजारात मिळत नाहीत. भाद्रपदात टेकडीच्या पायथ्याला तुंबा उगवतो. गोल बोंडातून तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी फुलं डोकावतात, ती नखानं एकेक खुडावी लागतात. मूठभर फुलांना अर्धा तास जातो. तिथेच तेरडा असतो. त्याला चेची काशीतुंबा म्हणतात. आमच्या सासूबाई त्याच तेरड्याच्या गौरी घरात आणतात. एकाच पिशवीतून दोन्ही घरांची फुलं येतात.

पण जेवणाची सरमिसळ करू नका. सद्या म्हणजे ओणमचं केळीच्या पानावरचं जेवण. त्या पानात पुरणपोळी वाढायचा मोह मी टाळते. केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, वर लोणची, आल्या-चिंचेची इंजीपुळी आणि तोरण, ओलन, अवियल या त्यांच्या भाज्या. पहिला भात परिप्पू म्हणजे वरण आणि तुपाबरोबर. सासूबाईंनी तो पहिल्यांदा कालवला आणि म्हणाल्या, "हे तर आपलंच की!" तेवढी ओळख पुरे. बाकी त्यांचं त्यांच्या चवीनं खावं. गौरीजेवणाचं ताटही तसंच अख्खं आपलं असावं.

आता मुख्य गोष्ट. शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत. घेतलेल्या प्रत्येक सणामागे आपल्या घरातली मागे पडलेली एक रीत परत सुरू करायची आणि तिला शेजाऱ्यांना बोलवायचं. आम्ही भोंडला असाच पुन्हा धरला. मधे आठ वर्षं पाटावरचा हत्ती निघाला नव्हता. चेचींनी खिरापतीला उण्णियप्पम, म्हणजे तांदूळ-गुळाचे छोटे अप्पे, केले, डबा खुळखुळवून सगळ्या जणी थकल्या, कोणालाच ओळखता आले नाहीत.

आणि बळी. ओणमला बळीराजा आपल्या प्रजेला भेटायला येतो, ही गोष्ट ऐकून लेकीनं विचारलं, "आपल्याकडे तो येतच नाही का?" मला उत्तर सुचेना. दिवाळीचा पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा, पण आमच्याकडे उरली होती फक्त ह्यांची ओवाळणी. सासूबाईंना विचारलं, तर भोरकडच्या माहेरचं सगळं त्यांना आठवलं. दारात शेणाचा बळीराजा, त्याला झेंडू, आणि "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणत ओवाळणं.

फ्लॅटमध्ये शेण कुठलं? पण दिवाळीच्या किल्ल्याला आणलेली तांबडी माती उरली होती. पाडव्याच्या पहाटे सासूबाईंनी त्या मातीचा वीतभर बळी उंबऱ्यापाशी बसवला आणि लेकीनं ओवाळलं. आवाज ऐकून चेची दार उघडून आल्या. त्यांच्याकडेही ओणमला मातीचा ओणत्तप्पन करून पूक्कळममध्ये बसवतात. त्या बराच वेळ आमच्या बळीकडे बघत राहिल्या. मग आमच्या तोरणातलं एक झेंडूचं फूल काढून त्यांनी ते त्याच्या ओल्या डोक्यावर देठासकट खोचलं, म्हणाल्या, "असं."