वंशावळीसाठी तालुक्याला घराण्याचं दप्तर शोधायला जाताय? आधी जुना सर्व्हे नंबर काढा

आधार कार्ड, झेरॉक्स, वही-पेन, डबा, हे सगळे घेतातच, त्यावर लिहीत बसत नाही. कोर्ट फी स्टॅम्प दोन-चार जास्तीचे ठेवा, नेमका आपल्याला हवा तेव्हा व्हेंडर जेवायला गेलेला असतो.

आता मुद्द्याचं. जुना सर्व्हे नंबर. गट नंबर नाही, सर्व्हे नंबर. आज सातबाऱ्यावर जो नंबर दिसतो तो पश्चिम महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत गट नंबर असतो आणि तो 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली गावात जमिनीचे तुकडे एकत्र करायची योजना लागू झाली तेव्हा पडलेला. त्याच्या आधीचं सगळं दप्तर सर्व्हे नंबरवर चालतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात गठ्ठे गावाप्रमाणे बांधलेले असतात, आत नंबराप्रमाणे पानं, आडनावाप्रमाणे काहीही नाही. तुम्ही कितीही कळकळीने सांगा की पणजोबांचं नाव अमुक, मोठी भावकी, वेशीजवळ वाडा, समोरचा माणूस एकच विचारणार, नंबर काय? मागच्या खेपेला मी नुसता गट नंबर घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परत आले, म्हणून पुन्हा सांगते, सर्व्हे नंबर आणि त्याचा हिस्सा नंबर, म्हणजे त्यातल्या आपल्या तुकड्याचा नंबर, दोन्ही लिहून न्या.

मिळतो कुठे, तर भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसात, ज्याला गावाकडे मोजणी ऑफिस म्हणतात तिथे. एकत्रीकरणाचा नऊ तीन नऊ चारचा उतारा मागा, एवढं म्हटलं तरी कळतं. जुना नंबर, जुना खातेदार आणि नवा गट यांचा मेळ त्यात लागतो. आणि तो नीट बघा, एका गटात दोन-तीन जुने नंबर आलेले असतात, शिवाय योजनेत जमिनींची अदलाबदल झालेली असते, म्हणजे आज तुम्ही जी जमीन कसताय ती तेव्हा तुमची नसेलही. हे न बघता आजच्या गटावरून मागे मागे गेलात तर सापडतील ते दुसऱ्याचे पणजोबा.

नंबर एवढा का महत्त्वाचा, तर नावावर विसंबता येत नाही. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे रामा धोंडी, धोंडी रामा, परत रामा धोंडी असं चालूच राहतं, त्यात जुन्या नोंदीत आडनाव लावलेलंच नसतं, नुसतं रामा बिन धोंडी, म्हणजे धोंडीचा मुलगा रामा, आणि त्याच नावाचा माणूस शेजारच्या भावकीतही असतो. यातला आपला कुठला हे जमिनीचा नंबरच सांगतो.

निघायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसा, हे सगळे सांगतात, पण काय विचारायचं ते कोणी सांगत नाही. पणजोबा कधी वारले असं विचारू नका, साल कोणाला आठवत नाही. शेताची नावं विचारा, माळाचं, मळईचं, विहिरीचं, बांधाला बांध कोणाचा होता, वाटणी कोणाकोणात झाली, कोण मुंबईला गिरणीत गेलं आणि परत आलं नाही. आत्यांना आणि चुलत आज्यांना जास्त विचारा, त्यांना दोन्हीकडची माणसं माहीत असतात.

आता सातबारा वाचायचा कसा. ऑनलाइनचा नको, हाताने लिहिलेला जुना मागा. खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार नंबर, म्हणजे जमिनीवरचं नाव बदललं त्या नोंदीचे नंबर. कंस केलेली नावं म्हणजे कमी झालेली माणसं, लोक ती सोडून देतात, आपल्याला तर तीच हवीत. वर्तुळातला एकेक आकडा उतरवून घ्या आणि त्या नंबरचा फेरफार, म्हणजे गाव नमुना 6, काढा. त्यात अमुक मयत, वारस अमुक अमुक, अशी नोंद मिळते, त्या फेरफारावरून त्याच्या आधीचा, असं जिन्याने खाली उतरल्यासारखं जायचं. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात 1903 साली आला, त्यामुळे फेरफाराची साखळी साधारण तिथपर्यंतच नेते. आणि मध्ये कुठेतरी गट नंबर संपून सर्व्हे नंबर सुरू होतो, तिथे हातात जुना नंबर नसेल तर साखळी तुटलीच म्हणून समजा.

एक इशारा. नावापुढे ए.कु.मॅ. दिसलं तर थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे थोरल्या भावाचं नाव लावलंय आणि बाकीचे भाऊ कागदावर नाहीतच. एकच नाव दिसलं म्हणून पणजोबा एकुलते होते असं लिहून मोकळे होऊ नका, अशाने अख्ख्या भावक्या वंशावळीतून गळतात. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयाने लहान वारसाचा पालक, तिथे बहुतेक विधवा आईचं नाव सापडतं.

बायकांची नावं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. वंशावळ म्हणून जे कागद फिरतात त्यात पाच-पाच पिढ्या नुसते पुरुष, जणू काही ते आपोआप जन्मले. जुन्या फेरफारात विधवेचं नाव येतं, मुलींचं फारसं नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मात्र वारस नोंदीत मुली दिसायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग येतात हक्कसोड पत्रं. त्या बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडला हे वाचून जीव तुटतो, पण त्याच कागदावर त्यांचं सासरचं पूर्ण नाव असतं, बऱ्याचदा गावही. एखादी पणजीची बहीण कुठल्या गावी दिली होती हे घरात कोणालाच सांगता येत नसलं तरी तिथे सापडू शकतं. हे फेरफार वगळू नका, आणि त्यातली नावं वंशावळीत लिहा, पोरींचीसुद्धा.

मग कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची जुनी नोंद. 1969 च्या कायद्यानंतरचं ग्रामपंचायतीत विचारा, त्याआधीचं तहसीलला. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बरेचदा नसतंच, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच, म्हणून नाव शोधत पानं उलटू नका, बाप आणि साल धरून बघा. मृत्यूच्या नोंदीत कारणाचा रकाना असतो, तो आवर्जून वाचा. 1918 ला मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली होती, त्या सालचं पान मिळालं तर एकाच घरातली माणसं एकाखाली एक दिसतात. घराण्यातली एखादी शाखा अचानक संपलेली वाटली तर आधी ते साल बघा, मग प्लेगची सालं.

शाळेचं जनरल रजिस्टर बघा, हेडमास्तरांना अर्ज देऊन. जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका, निम्म्या गावाचा जन्म 1 जूनचा. पालकाचं नाव आणि राहण्याचं गाव तेवढं घ्या.

जिल्हा-तालुका पूर्वी कुठला होता तेही आधी बघून घ्या. सांगली 1949 ला साताऱ्यातून निघाला, सिंधुदुर्ग 1981 ला रत्नागिरीतून, लातूर 1982 ला उस्मानाबादमधून, तेव्हा जुनं दप्तर आजच्या ऑफिसात असेलच असं नाही. मराठवाडावाल्यांनी 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे तिकडची जुनी जमिनीची नोंद, मागावं, आणि निजामाच्या काळातलं काढायचं तर उर्दू वाचणारा माणूस सोबत हवा.

जुने कागद मोडी लिपीत असले आणि ती वाचता येत नसेल तर जाणकाराला मोबाईलवर फोटो पाठवता येतात, पण फोटो काढायची परवानगी आधी विचारा, आणि पान सरळ धरून पूर्ण काढा, वरचा गावाचा आणि सालाचा मथळा सोडू नका. कागद जीर्ण असतो, थुंकी लावून पान उलटू नका, कृपा करा.

मार्चमध्ये आणि निवडणुकीच्या तोंडावर जाऊ नका, कोणाला वेळ नसतो. काही जिल्ह्यांचे जुने उतारे महाभूमीच्या आपले अभिलेख पोर्टलवर आलेत, आधी ते बघा, पण तिथेही नंबर लागतोच, कुठला ते कळलं असेल. नोंद मिळाली नाही तर आढळ होत नाही असं लेखी घ्या. त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या उपाध्यांच्या वह्या, कोल्हापूर-सांगलीकडे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हेळवी, हे नंतर, दप्तरातलं हाताशी आल्यावर ताडून बघायला. नकला मिळाल्या की शिक्का आणि सही तिथेच तपासा, प्रत्येक नकलेच्या मागे पेन्सिलीने सर्व्हे नंबर लिहा आणि मगच पिशवीत टाका.