स्लॅब गळायला लागला की कॉन्ट्रॅक्टरशी भांडण्याआधी

"ताई, दहा वर्षं वर बघायलाच नको," असं म्हणत आमच्या कॉन्ट्रॅक्टरने गच्चीच्या कोब्याची, म्हणजे पाणी खाली उतरू नये म्हणून स्लॅबवर घालतात त्या विटांच्या तुकड्यांच्या आणि सिमेंटच्या थराची, गॅरंटी लेटरहेडवर लिहून दिली. दुसऱ्याच पावसाळ्यात देवघराच्या कोपऱ्यात पोपडे सुटले. फोन केला तर उत्तर तयार होतं: "तुम्ही सोलर बसवलात ना, त्यांनी भोकं पाडली." सोलरवाला म्हणे, कोबाच कच्चा. मी साताऱ्यातली, एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेली. दोघांचा हिशेब जुळत नसला की मूळ पावती काढायची, एवढं मला कळतं.

आधी काहीही फोडू नका आणि वरून लेपही मारू नका. शेजाऱ्यांनी मला एक केमिकलवाला सुचवला होता. त्याने हात लावला असता तर "दुसऱ्याने काम केलं, गॅरंटी संपली" हे आयतं कारण कॉन्ट्रॅक्टरला मिळालं असतं. मी फक्त ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारायचे, बाजूला तारीख लिहायचे आणि फोटो काढायचे. दीड महिन्यात सहा रेघा झाल्या, झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या.

पाणी कुठून शिरतंय हे पाऊस उघडल्यावरच नीट शोधता येतं. पहिल्यांदा टाकी रिकामी करून चार दिवस वाट पाहिली. पाइप गळत असेल तर ओल तेवढ्यात कमी व्हायला लागते. ती झाली नाही. मग गच्चीवर चिकणमातीचे बांध घालून चार वाफे केले. एका वेळी एकच वाफा भरायचा, दोन इंच पाणी, ४८ तास. मग तो सुकू द्यायचा आणि पुढचा भरायचा. घाई केली की काहीच कळत नाही, कारण पाणी कोब्यातल्या विटांच्या तुकड्यांमधून आडवं चालतं. खाली थेंब जिथे दिसतो, वर भेग तिथेच असेल असं नाही. सोलरच्या स्टँडचा वाफा दोन दिवस भरलेला होता, खाली ठणठणीत कोरडं. पावसाळी पाइपच्या तोंडाशी बोळा घालून तिथला वाफा भरला आणि रात्री नऊला देवघरात पहिला थेंब पडला. तोंडाभोवतीचा वाटा, म्हणजे सांधा बुजवणारी सिमेंटची गोलसर कड, नीट मारलेलाच नव्हता.

या चाचणीला कॉन्ट्रॅक्टरला व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख-वेळ कळवून बोलवा. आमचे कॉन्ट्रॅक्टरसाहेब आले नाहीत, त्यांचा मुकादम आला. त्याची सही घेतली. शिवाय एका सिव्हिल इंजिनिअरकडून दोन पानी अहवाल घेतला. पुढे प्रकरण वाढलं तर "घर गळतं हो" एवढ्याने भागत नाही.

आता कायद्याचं. बिल्डरकडून फ्लॅट घेतला असेल तर रेरा कायद्याचं, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याचं, कलम १४(३) आहे: ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. पण आमच्यासारखं स्वतःच्या प्लॉटवर कॉन्ट्रॅक्टर लावून बांधलं असेल तर ते लागू नाही. तिथे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही 'सेवा' धरली आहे, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. कामाचे दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही. मुदत मात्र २ वर्षांची, आणि "बघतो ताई, पुढच्या आठवड्यात" हे ऐकत बसलात म्हणून ती थांबत नाही. आधी विचारपूस करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

मी आयोगापर्यंत गेले नाही. एक पत्र पाठवलं, पोचपावतीसह. त्यात वर्षभराचा संताप ओतायचा मोह होतो, ओतू नका. काम कधी झालं, चाचणीत काय दिसलं, किती दिवसांत दुरुस्ती हवी आणि न झाल्यास आयोगाकडे जाणार, बस्स. माझ्या गॅरंटीवर तारीखच नव्हती, म्हणून शेवटच्या चेकची बँकेतली नोंद जोडली. गॅरंटी घेतानाच सुरुवातीची तारीख, दुरुस्तीची मुदत आणि वरच्या फरशा काढून परत बसवण्याचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या. हा शेवटचा मुद्दा सगळे विसरतात, मीही विसरले होते.

माझी खरी चूक मे महिन्यातली. पाऊस पडायच्या आत मी शेवटचं बिल चुकतं केलं. धाकट्या बहिणीचं घर झालं तेव्हा करारातच घातलं: ५ टक्के रक्कम पहिला पावसाळा कोरडा गेल्यावर. तिचा कॉन्ट्रॅक्टर कुरकुरला, पण सप्टेंबरात स्वतःहून गच्ची बघायला आला.

पत्र गेल्यावर अकराव्या दिवशी आमच्याकडे दोन गवंडी आले. पाइपभोवतीचा कोबा फोडला, वाटा नव्याने मारला. काम झाल्याची सही मागायला लागले तेव्हा मी म्हटलं, चहा घ्या, आधी ४८ तास पाणी भरू.