शेतावरचं उन्हाळी शिबिर : सात दिवस कसे आखायचे

शेतावरच्या शिबिरात उपक्रम कमी पडत नाहीत, त्यांची क्रमवारी चुकते. बियाण्याची उगवण कळायला पाच-सहा दिवस लागतात, पाडाचा आंबा अढीत पिकायला साधारण तेवढेच. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात, जीवामृताला, म्हणजे शेण-गोमूत्राच्या पातळ खताला, दोन-तीन दिवस हवेत. ही कामं चौथ्या दिवशी काढली तर मुलं घरी जातात आणि आंबे मागे राहतात. म्हणून वेळ खाणारं सगळं पहिल्याच दिवशी लावायचं आणि बाकीचे दिवस त्याच्याभोवती बसवायचे.

पुढची आखणी देशावरच्या काळ्या जमिनीच्या, विहीर आणि ठिबक असलेल्या शेतासाठी आहे. महिना मे, वय ९ ते १३, मुलं २०, पाच-पाच जणांच्या चार टोळ्या आणि प्रत्येक टोळीमागे एक मोठं माणूस. कोकणात शिबिर असेल तर उगवण चाचणीला सोयाबीनच्या जागी भाताचं बी घ्या.

मुलं यायच्या आधी

विहिरीला कठडा नसेल तर तिथे शिबिर घेऊ नका. कठडा असला तरी तोंडावर जाळी हवी. मोटारीच्या स्टार्टरची पेटी कुलपात, फवारणीची औषधं आणि पंपही कुलपात. शेवटची फवारणी आणि शिबिर यांत निदान आठवडाभराचं अंतर ठेवा. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कुणीही बसायचं नाही, शेतमालकाचा नातूसुद्धा नाही. हा नियम एकदा मोडला की पुन्हा बसत नाही.

जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का हे स्वतः जाऊन विचारून या. रचून ठेवलेली लाकडं, कडब्याची गंजी, दगडांची ताल यांत मुलांनी हात घालायचा नाही. अंधार पडल्यावर बॅटरी आणि बूट असल्याशिवाय कुणी खोलीबाहेर पडायचं नाही, आणि झोपताना अंथरुणं जमिनीवर नकोत, कारण मण्यार रात्री घरात शिरते. साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काही करू नका. मुलाला चालू न देता, चावलेला अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठा. १०८ क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

वेळापत्रक उन्हाचं. सकाळी ६ ते १० शेतात, १० ते साडेचार सावलीत, साडेचार ते सात पुन्हा बाहेर. दुपारी एकला ‘थोडा वेळ जाऊन येऊ’ म्हणणारा उत्साही कार्यकर्ता प्रत्येक शिबिरात असतो; त्याला भाजी चिरायला बसवा. प्रत्येकाला टोपी किंवा पंचा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि स्वतःची पाण्याची बाटली. मूल मलूल दिसलं की सावलीत बसवून घोट घोट जलसंजीवनी द्या : १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मूल बरळायला लागलं किंवा अंग तापून घाम थांबला, तर ओल्या कपड्यानं अंग गार करत लगेच दवाखाना.

पहिला दिवस : पाच गोष्टी लावून ठेवा

पहिलं काम उगवण चाचणीचं. हे मुलांसाठी मुद्दाम रचलेलं नाही; घरचं सोयाबीन पेरणारे शेतकरी पेरणीआधी हेच करतात. त्यामुळे मुलांनी मोजलेला आकडा त्या शेतात खरोखर वापरला जाणार आहे, हे त्यांना आधीच सांगा. मोजणी आपोआप काटेकोर होते.

तीन टोळ्यांनी प्रत्येकी १०० दाणे घ्यायचे. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ घ्यायची आणि न बघता मोजायचं. इथेच हमखास घोळ होतो : मुलं टपोरे, गोल दाणे निवडतात आणि उगवण ९५ टक्के येते. फुटका, सुरकुतलेला दाणा हाताला आला तर तोही मोजायचा. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा दाण्यांच्या दहा ओळी, दोन दाण्यांत बोटभर अंतर, वर दुसरा ओला तुकडा. मग दोन्ही मिळून वळकटी करून सैल बांधायची. गोणपाट पिळल्यावर पाणी गळता कामा नये. सोयाबीनचं साल नाजूक असतं, जास्त पाण्यात ते फुगून फाटतं आणि बी कुजतं. आधी भिजत घालायचं नाही ते याचमुळे. वळकटी गार खोलीत ठेवा, पत्र्याच्या खोलीत नको. रोज सकाळ-संध्याकाळ हातानं पाणी शिंपडायचं, तांब्यानं ओतायचं नाही. चौथ्या टोळीला मुगाचे १०० दाणे द्या. मूग दोन-तीन दिवसांत मोड दाखवतो आणि बाकीच्यांचा धीर टिकतो.

दुसरी अढी. झाडावर पाड लागला असेल, म्हणजे एखाददुसरा आंबा झाडावरच पिकू लागला असेल, त्याच झाडाचे आंबे घ्या, माणशी तीन हिशोबानं साठेक. देठ बोटाच्या पेरभर ठेवून उतरवा, जमिनीवर पडू देऊ नका. चीक अंगाला लागला तर कातडी भाजते आणि आंब्यावर राहिला तर डाग पडून तिथून सड सुरू होते. म्हणून आंबे देठ खाली करून चीक गळू द्या, पुसून कोरडे करा. खोलीच्या कोपऱ्यात वीतभर पेंढा, त्यावर आंब्यांचा एक थर, वर पुन्हा पेंढा. दोनपेक्षा जास्त थर नकोत. आंबा पिकताना स्वतःच इथिलीन वायू सोडतो आणि अढीत तो कोंडून राहतो, त्यामुळे सगळी अढी बरोबरीनं पिकते. तिसऱ्या दिवसापासून रोज एका टोळीनं अढी उघडून नासका आंबा काढायचा. तो राहिला तर शेजारचे चार नेतो. कार्बाइडची पुडी अढीत टाकायला कायद्यानं बंदी आहे, हे मुलांना याच वेळी सांगून टाका.

तिसरे कुरडयांचे गहू. २ किलो गहू निवडून, धुऊन, बुडतील त्याच्या दुप्पट पाण्यात. पाणी रोज बदलायचं. मेच्या उष्म्यात एक दिवस चुकला तरी आंबूस वास जाऊन घाण वास येतो आणि कुरडई काळपट होते.

चौथं जीवामृत. २०० लिटरचा पिंप एका एकराला पुरतो, पण मुलांना २० लिटरची बादली बरी : देशी गाईचं शेण १ किलो, गोमूत्र १ लिटर, गूळ २०० ग्रॅम, बेसन २०० ग्रॅम, बांधावरची मूठभर माती. नळाचं क्लोरीनवालं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा, नाहीतर ज्या जिवाणूंसाठी हा खटाटोप तेच मरतात. बादली सावलीत, तोंडाला गोणपाट. घट्ट झाकण लावू नका, आत वायू साठतो. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. नंतर हात साबणानं धुतलेत का हे मोठ्यांनी बघायचं, विचारायचं नाही.

पाचवी मातीची बरणी, पाच मिनिटांचं काम. काचेच्या सरळ बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर. पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात खाली बसते, पोयटा दोन-तीन तासांत. चिकण माती मात्र काळ्या रानातली असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळच ठेवते. बरणी हलवायची नाही. कुणीतरी हलवतंच, म्हणून दोन लावा.

दुसरा दिवस : गोठा आणि माती

साडेपाचला गोठ्यात. गाईकडे मागून जायचं नाही, तिला दिसेल असं खांद्याच्या बाजूनं जायचं. वासरू आधी पाजून पान्हा आला की मग कोमट पाण्यानं कास धुवायची. मुलांना धार काढायला एकच शांत गाय द्या, आणि तिची रोजची माणसं तिच्या तोंडापाशी उभी करा. सड ओढायचा नसतो. वर अंगठा आणि तर्जनीनं बंद करून बाकीची बोटं क्रमानं मिटायची. धारोष्ण दूध कितीही आग्रह झाला तरी प्यायला देऊ नका, उकळूनच. त्यानंतर शेण काढणं, वैरण टाकणं आणि गाय दिवसभरात किती बादल्या पाणी पिते याची भिंतीवर खडूनं नोंद. हा आकडा मुलांना सगळ्यात जास्त धक्का देतो.

संध्याकाळी रानात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात. त्यांत काडी सोडून खोली मोजा आणि दुसऱ्या दिवशी बरणीतला चिकण मातीचा थर दाखवा. भेग का पडली हे वेगळं समजवावं लागत नाही.

तिसरा दिवस : पाणी

सकाळी ठिबकची तपासणी. मोटार चालू करून पंधरा मिनिटं जाऊ द्या, दाब स्थिर होतो. प्रत्येक टोळीला एक ओळ, एक मापाचं भांडं, एक घड्याळ. ताशी ४ लिटरच्या तोटीखाली ६ मिनिटांत ४०० मिली पाणी जमलं पाहिजे. ३०० च्या खाली आलेल्या तोटीला चिंधी बांधायची. ओळीच्या शेवटाकडे चिंध्या वाढत गेल्या तर नळीत गाळ बसलाय. शेवटची गुंडी उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा आणि पुन्हा मोजा. तोटीत टाचणी घालू देऊ नका, भोक मोठं होऊन ती तोटी कायमची बिघडते. नळीतले क्षार काढायच्या ॲसिड प्रक्रियेची गरज दिसली तर ती शिबिर संपल्यावर, मोठ्यांनी.

संध्याकाळी ए फ्रेम, म्हणजे उतारावर समपातळीतल्या जागा शोधायची काठ्यांची चौकट. दोन मीटरच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, खाली पायांत दोन मीटर अंतर, मध्ये आडवी काठी, आणि शेंड्यापासून दोरीला दगड बांधून ओळंबा. बांधणी हलत असेल तर पुढचं सगळं वाया जातं, तेव्हा सुतळीचे वेढे ओले करून आवळा. आता उतारावर दोन खुंट्या ठोकून त्यांवर पाय टेकवा आणि दोरी आडव्या काठीला लागते तिथे खूण करा. पाय उलटसुलट करून दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर दोरी आली की दोन्ही पाय समपातळीत. याच्यावर बांधाची समपातळी रेषा चुन्यानं आखता येते. वारा सुटला की ओळंबा डोलतो, म्हणून जड दगड घ्या. अकरा वर्षांच्या पुढची मुलं हे काम सोडायलाच तयार नसतात. लहानांना चुन्याचं काम द्या.

चौथा आणि पाचवा दिवस : कुरडया

चौथ्या दिवशी दुपारी भिजलेले गहू वाटायचे, पिळून, चाळून, पुन्हा फडक्यातून गाळायचे. चीक रात्रभर बसू द्या. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या घाला, नाहीतर गाईला द्या. त्याच संध्याकाळी जीवामृताची बादली भाजीच्या वाफ्याला, जमीन ओली असताना. २० लिटर चार गुंठ्यांना पुरतं.

पाचव्या दिवशी पहाटेच उठा. चिकावरचं पाणी हलक्या हातानं ओतून टाका. उरलेला चीक वाटीनं मोजा, तितकंच पाणी मीठ-हिंग घालून उकळा आणि चीक धारेनं सोडत सतत ढवळा. ढवळायचं काम घरच्या आजीचं किंवा मावशीचं. शिजणारा चीक उसळतो आणि अंगावर उडाला तर चिकटून भाजतो, म्हणून चुलीभोवती खडूनं रिंगण आखून मुलांना बाहेर ठेवा. चीक पारदर्शक दिसू लागला आणि ओल्या बोटाला चिकटेना की उतरवा. गरम असतानाच सोऱ्यात भरा. गार झाला तर सोऱ्या दाबला जात नाही आणि कुरडई तुटते. घालायला मुलं. वाकडी कुरडईही तळल्यावर तितकीच फुलते. दोन दिवस कडक ऊन, राखणीला आळीपाळीनं टोळ्या, कावळ्यांसाठी काठी.

सहावा दिवस : रोपांच्या पिशव्या

सीडबॉल, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, माळावर फेकायचा कार्यक्रम फोटोत छान दिसतो. माळावर पडलेलं बी बहुतेक मुंग्या-उंदरांच्या पोटात जातं किंवा पहिल्या पावसानंतरच्या उघडिपीत कोंब वाळतो. त्यापेक्षा पिशव्या भरा. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. पिशवीला खाली भोकं आहेत ना पाहा. नसली तर मुळं कुजतात. आपटत आपटत भरून वर दोन बोटं जागा सोडा. चिंचोके आदल्या रात्री भिजत घाला. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल. ताजं शेण घातलं तर त्याच्या उष्णतेनं रोप जळतं.

रात्री चांदण्या. उत्तरेला सप्तर्षी, त्याच्या शेपटीची कमान पुढे नेली की स्वाती आणि तशीच पुढे चित्रा. सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणीत आणि ७-८ जूनला मृगात जातो, हे इथे सांगितलं की पेरणीची नक्षत्रं डोक्यात बसतात.

सातवा दिवस : मोजणी

वळकट्या उघडा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलंच रोप मोजायचं. नुसता फुगलेला, बुरशी धरलेला किंवा मूळ तुटलेला दाणा नाही. तिन्ही टोळ्यांच्या आकड्यांची सरासरी काढा. ७० किंवा वर असेल तर एकरी ३० किलो बियाणं. कमी असेल तर ३० ला ७० नं गुणून आलेल्या टक्क्यानं भागा : ६४ टक्क्यांना साधारण ३३ किलो. ६० च्या खाली असेल तर ते बियाणं पेरू नका असं मुलांनीच मालकाला सांगायचं. एका टोळीचा आकडा बाकी दोघींपेक्षा फारच वेगळा आला, तर आधी पाणी कुणी शिंपडलं ते विचारा.

मग आमरस आणि तळलेल्या कुरडया. अढीतले सगळे आंबे पिकले नसतील तर कच्चे पेंढ्यासकट खोक्यात घालून घरी द्या, दोन दिवसांत होतात. चिंचोका लावलेली पिशवी प्रत्येकाला एक. घरी ती बाल्कनीत अर्ध्या सावलीत ठेवायची आणि दिवसाआड कपभर पाणी घालायचं. खाली बशी ठेवली तर साचलेलं पाणी ओतून टाकायचं. उगवलं तर पिशवी काढून जमिनीत लावायची, पण चांगले दोन-तीन पाऊस झाल्यावरच.